खारं गवत

कंपनीच्या गेटासमोरचं लॉन बघून येणारेजाणारे रिक्षा थांबवायचे. आजूबाजूला पांढरट पडलेली जमीन, वाळकी बाभूळ, आणि मधेच हे हिरवंगार. ते माझ्या भावाने लावलं. लोक त्याचं कौतुक करायचे तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि आजही होतो, म्हणून सांगते.

भावाचं नाव हरिचंद्र. मी त्याला दादूस म्हणते. अंबरनाथ एमआयडीसीसाठी आमची भातशेती गेली तेव्हा घरटी एक नोकरी देऊ असं कबूल केलं होतं. आमच्या घराची नोकरी दादुसला मिळाली, माळ्याची. म्हणजे जिथे आमचा बाप चिखलणी करायचा, तिथेच त्याच्या लेकाने झेंडूच्या कुंड्या पुसायच्या. मी हे बोलून दाखवलं की तो चिडायचा. "तुज्या तोंडात मीठ जास्ती पडलाय," म्हणायचा. पडलं होतंच. मी लग्न मोडून पाड्यावर परत आलेली बाई. उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या कारखान्यात जीन्सचे धागे कापायचे आणि संध्याकाळी घरी येऊन भावाला टोचून बोलायचे.

आमचा पाडा पालेगावच्या अलीकडे, कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून. दहा-बारा घरं आणि सगळ्यांत मिळून एक विहीर, ती आमच्या अंगणात. कंपनी सुरू झाली आणि दोन पावसाळ्यांनंतर त्या विहिरीचं पाणी बदललं. चहात दूध फाटायला लागलं. डाळ शिजेना. भात पिवळसर व्हायचा आणि तोंडात खारट लागायचा.

दुसरं कोणी असतं तर घाबरलं असतं. आम्ही घाबरलो नाही, हीच आमची गंमत. आमचे आजे-पणजे खाडीकाठचे, मिठागरात जन्म गेलेले. माझी वहिनी गोदूबाई तर थेट मिठागरातलीच, तिचा बाप अजूनही मीठ ओढत होता. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात खाऱ्या होतातच. तिथली माणसं जेवणात मीठ कमी घालतात, विहिरीत आवळ्याचं लाकूड सोडतात आणि पावसाची वाट बघतात. आम्हीही तेच केलं. दादुसने बदलापूरच्या रानातून आवळ्याची जाडजूड फांदी आणली आणि सगळ्या पाड्यासमोर विहिरीत सोडली. वहिनी माहेरची आठवण काढून हसली. "माज्या आयच्या घरचा पानी आयला," म्हणाली.

पाऊस येऊन गेला तरी पाणी खारंच राहिलं. त्याच वर्षी वहिनीचं पाचव्या महिन्यात पोट पडलं. पुढच्या वर्षी पोर झालं, पण ते रडलंच नाही. आमच्या म्हशीचंही तसंच झालं. बायकांनी दृष्ट काढली, देवाला नवस केले, मला पांढऱ्या पायाची ठरवून झालं. पाण्याकडे कोणाचं बोट गेलं नाही.

ते गेलं भीमरावाचं. भीमराव बुवापाड्याचा, कंपनीत बॉयलरवर होता. दादुसशी त्याची दोस्ती, दुपारचा डबा दोघं एकत्र खायचे. एका रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला, पाण्याचा एक घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला.

"हरी, हे पाणी तुम्ही पिता?"

"खारा हाय थोडा," दादूस म्हणाला. "आमाना सवय हाय."

"खाडी इथून किती लांब आहे रे? खाडीचं मीठ डोंगर चढून तुझ्या विहिरीत येतं काय?" भीमराव उठून अंगणात गेला आणि मागच्या भिंतीकडे हात केला. "ह्या भिंतीच्या पलीकडे कच्चा खड्डा आहे. प्लँटचं सगळं घाण पाणी त्यात सोडतात. खड्डा भरला की उताराने गेटाकडे जातं, आणि जमिनीतून तुमच्याकडे येतं. ते पण खारटच असतं. पण त्याच्याबरोबर अजून काय काय असतं ते मला पण धड माहीत नाही."

वहिनी दारात उभी होती. तिला पुन्हा दिवस राहिले होते, तिसऱ्यांदा, आणि ते अजून आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. तिने भीमरावासमोरचा तांब्या उचलला, पाणी अंगणात ओतलं आणि आत गेली. त्या दिवसापासून तिच्या मनात एकच गोष्ट होती. हे पोर जगायला हवं असेल तर चांगलं पाणी पाहिजे. मी उल्हासनगरहून येताना पाण्याचा कॅन आणायला लागले. कारखान्यातला नळ, शेठची परवानगी, तिथून रिक्षा. रोज जमायचं नाही. जमायचं तेव्हा वहिनी ते पाणी गंगेसारखं पुरवून वापरायची आणि बाकी वेळी विहिरीचंच प्यायची. स्वयंपाक तर सगळा विहिरीच्याच पाण्यावर व्हायचा.

भीमरावाने पाड्याच्या नावाने तक्रार केली. वर कुठे कुठे पाठवली. पावसाळ्यानंतर तपासणीला समिती येणार असं उत्तरही आलं. भीमराव खूश होता. "कागद ते खोटे करतील," तो म्हणायचा, "पण गेटासमोरची जमीन कशी खोटी करतील? तिथे कुसळ उगवत नाही. साहेब लोकांना फक्त तिथे नेऊन उभं करायचं."

आणि नेमक्या त्याच जमिनीवर मोठ्या साहेबांना लॉन हवं होतं.

मोठे साहेब मुंबईत बसायचे. त्यांचे तीन कारखाने. एक हिमाचलात, एक राजस्थानात, एक आमच्या उरावर. तिन्ही ठिकाणी गेटासमोर सारखंच लॉन असावं आणि त्याचे फोटो कॅलेंडरवर छापावेत अशी त्यांना हौस आली. बर्फ पडतो तिथे, वाळू उडते तिथे आणि चार महिने चिखल असतो तिथे एकच गवत! मी हे ऐकून पोट धरून हसले होते.

हे काम देवस्थळींच्या गळ्यात आलं. देवस्थळी कंपनीचं प्रशासन बघायचे. माणूस मूर्ख नव्हता, गोड बोलणारा होता, आणि त्याचाच मला राग. त्यांनी गवतांचं एक पुस्तक मागवलं आणि दादुसला समोर बसवून सगळं समजावलं. थंड मुलखातलं गवत मऊ, दाट, पण आपल्या उन्हात महिनाभरात करपतं. कोरड्या मुलखात हरळी बरी, पाणी नसलं तर मरून पडते आणि पाणी मिळालं की उठते. दमट हवेत रुंद पानाचं बरं, त्याला सावली चालते. "आपल्याला त्यातलं असं हवं हरिचंद्र, की ज्याला काही करावं लागणार नाही. माळी तू एकटा. कापायचं मशिन नाही. आणि नगरपालिकेचं गोडं पाणी गवताला घालायचं नाही, बोअरचंच घालायचं."

आधी त्यांनी हरळी लावली. महिन्यात मुळापासून कुजली. मग उल्हासनगरच्या परसराम शेठच्या नर्सरीतून कोरियन गवताच्या पट्ट्या आल्या. गालिच्यासारख्या पसरल्या आणि आठवड्यात पिवळ्या पडल्या. मग रुंद पानाचं आणलं. तेही गेलं. परसराम शेठ स्वतः येऊन बघून गेला. माती हातात घेतली, नाकाशी नेली आणि झटकून टाकली. "साईं, माल में खोट नहीं है," म्हणाला. "ज़मीन में है." तो पुन्हा फिरकला नाही.

देवस्थळींनी दादुसला केबिनमध्ये बोलावलं. चहा दिला. पाड्यावर कसं चाललंय ते विचारलं, गोदूबाईची तब्येत विचारली. मग म्हणाले, "दिवाळीच्या आत लॉन उभं करून दाखव. मोठे साहेब खूश झाले की मी स्वतः शब्द टाकतो. कंपनीच्या गोड्या पाण्याच्या लाइनीतून तुमच्या पाड्याला एक नळ. भिंतीला भोक पाडलं की झालं."

दादूस त्या दिवशी धावत घरी आला. "नळ येतोय," एवढंच म्हणाला आणि वहिनीकडे बघत राहिला. वहिनी चुलीपुढे बसली होती. तिने पदर तोंडाला लावला आणि रडली. मीही रडले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी देवस्थळी मला देवमाणूस वाटले.

आता आमच्यातली एक रीत सांगते. आमच्याकडे माती चाखतात. खाडीकाठी बांध घालायचा असो की शेत लावायचं असो, म्हातारी माणसं चिमूटभर माती जिभेवर ठेवतात, थुंकतात आणि सांगतात. इतकी खारी असेल तर भात होईल, इतकी असेल तर नुसतं गवत लावून बांध धरून ठेवा. आमच्या आजाने दादुसला हे लहानपणी शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी दादुसने गेटासमोर उकिडवं बसून माती चाखली. देवस्थळींनी तोंड फिरवलं. दादूस थुंकला, पुन्हा चिमूट घेतली, आणि त्याचा चेहरा खुलला.

घरी येऊन मला म्हणाला, "वेनू, उगा घाबरत होतो. माती खारी हाय. आपल्या खाडीसारखीच. बाकी काय नाय तिच्यात."

"भीमराव तर वेगळंच सांगतो," मी म्हटलं.

"भीमरावने कवा मिठागर बगलाय?"

त्याची जीभ खोटं बोलत नव्हती. माती खारटच होती. पण त्या जिभेला फक्त खाडी ठाऊक होती. जे जे खारट ते ते आपलं, असं तिला पिढ्यान् पिढ्या शिकवलेलं. त्या खारटपणाच्या आडून दुसरं काय येतंय ते ओळखायला तिला कोणी शिकवलं नव्हतं. ते आमच्या आजालाही आलं नसतं.

मिठागरांच्या बांधावर एक बारीक, सरपटणारं गवत असतं. आमच्याकडे त्याला नुसतं खारं गवत म्हणतात. भरतीचं पाणी त्याच्यावरून जातं तरी मरत नाही. कापावं लागत नाही, खत लागत नाही, मुळाचा तुकडा पडला तरी पसरतं. बांध धसू नयेत म्हणून मिठागरवाले ते मुद्दाम लावतात. दादूस वहिनीच्या माहेरी गेला आणि सासऱ्याच्या बांधावरून त्या गवताचे चिखलासकट गड्डे पोती भरभरून घेऊन आला. आधी थोडे आमच्या अंगणात, विहिरीपलीकडच्या कोपऱ्यात लावून बघितले. त्यांना रोज पाणी घालायचं काम वहिनीने मागून घेतलं. पोट दिसायला लागलं होतं तिचं. विहिरीतून कळशी ओढायची आणि हळूहळू ओतायची. "बाबाच्या बांदावरचा गवत हाय," म्हणायची. "तो धरनार." पंधरा दिवसांत त्याला नवे कोंब आले.

भीमरावाला कळलं तेव्हा तो डबा न खाता आमच्या घरी आला.

"हरी, वेडा आहेस काय तू? समिती येतेय. ती जमीन उघडी राहू दे. तीच आपला साक्षीदार आहे."

"समिती येल आनि जाईल," दादूस म्हणाला. "मना नळ पायजे. गोदीचे दिवस भरत चाललेत."

"नळ कोणी लिहून दिलाय?"

"सायबाने शब्द दिलाय."

"साहेबाचा शब्द!" भीमराव हसला, पण ते हसू नव्हतं. "समितीने पाणी खराब आहे म्हटलं तर कंपनीला नळ द्यावाच लागेल. एकच नाही, घरोघरी. खड्डा पण बंद करावा लागेल. तू गवत लावलंस तर त्यांना दिसणार काय?"

"गवत दिसेल," दादूस म्हणाला. "नि माती चांगली हाय, मी चाखलीय."

भीमरावाने माझ्याकडे बघितलं. मलाही नळ हवा होता. समिती कधी येईल, काय ठरवेल, मग कंपनी कधी ऐकेल, आणि वहिनीच्या पोटातलं पोर तोवर थांबणार होतं थोडंच! भीमराव निघून गेला. त्यानंतर दोघांनी एकत्र डबा खाल्ला नाही.

पावसाच्या शेवटच्या सरींवर दादुसने गेटासमोरची सगळी जमीन लावून काढली. दोन हातांनी, एकट्याने. ते गवत असं माजलं की बोलायची सोय नाही. बोअरचं खारं पाणी त्याला आईच्या दुधासारखं लागलं. दसऱ्यापर्यंत जमीन दिसेनाशी झाली. देवस्थळींनी फोटोवाला आणला. दादुसच्या पाठीवर थाप मारली. नळाचं विचारलं तर म्हणाले, "अरे समितीचं एकदा होऊ दे, मग बघ."

समिती आली तेव्हा आम्ही पाड्यावरच्या सगळ्या बायका भरलेले हंडे घेऊन गेटाबाहेर उभ्या होतो. भीमरावाने तसं सांगितलं होतं. वहिनीही होती, आठवा महिना, कमरेवर कळशी. मी नको म्हणत होते, तिने ऐकलं नाही.

तीन माणसं गाडीतून उतरली. सगळ्यांत वयस्कर साहेब पुढे आले आणि लॉन बघून थबकले. त्यांनी चपला काढल्या आणि अनवाणी गवतावर चालले. मला अजून दिसतं ते. म्हातारा माणूस, पाय बहुतेक दुखत असतील, त्याला बरं वाटलं. "वा," म्हणाले. देवस्थळींनी तिथेच खुर्च्या मांडायला लावल्या. चहा तिथेच आला.

भीमराव पुढे होऊन बोलला. खड्डा, उतार, विहीर, मेलेली पोरं, सगळं. साहेबांनी ऐकून घेतलं. एका बाईचा हंडा मागवला, ग्लासात पाणी ओतून उजेडात धरलं. पाणी नितळ होतं. "दिसायला तर स्वच्छ आहे."

"थोडं खारं आहे म्हणतात," देवस्थळी हळूच म्हणाले. "पण हे लोक मूळचे खाडीकडचे. ह्यांना विचारा, त्यांच्या विहिरी खाऱ्या असतातच."

साहेबांनी बायकांकडे बघितलं. "असं आहे का?" कोणीतरी मान हलवली. खरंच होतं ते, नाही कसं म्हणणार?

मग साहेबांना गवताची आठवण झाली. "हे कोणी लावलं?"

दादुसला पुढे ढकललं गेलं. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता तो.

"पाणी कुठलं घालता याला?"

"हितलाच, सायेब. बोअरचा."

"खत?"

"काय नाय. याला काय बी लागत नाय."

"म्हणजे इथल्याच मातीत, इथल्याच पाण्यावर?"

"व्हय, सायेब," दादूस म्हणाला. आणि तो हसला. माझा भाऊ इतक्या लोकांसमोर छाती काढून हसला.

साहेबांनी भीमरावाकडे वळून हात पसरले. "अहो, जिथे असं गवत येतं तिथली जमीन खराब कशी म्हणायची?" भीमराव काहीतरी बोलायला गेला, पण ते उठले होते. त्यांच्यातल्या तरुण माणसाने विहिरीच्या पाण्याच्या बाटल्या भरून घेतल्या. त्यांचं पुढे काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही.

घरी आल्यावर मी दादुसला धरलं. "तू सांगितलं का नाहीस? हे खाडीचं गवत आहे, हे विषावरपण उगवेल, असं का नाही बोललास?"

"कोनी इचारला नाय," तो म्हणाला. मग शर्ट काढून खुंटीला लावत, "नळ येल आता."

तक्रारीत तथ्य नाही, पाणी पिण्यायोग्य, असं उत्तर आलं. दादूस नळाचं विचारायला केबिनमध्ये गेला. देवस्थळींनी बसायला सांगितलं नाही. "हरिचंद्र, पाणी चांगलं आहे असं वरून सांगितलंय. आता मी नळ कोणत्या तोंडाने मागू? मोठे साहेब म्हणतील, हे लोक खोटी तक्रार करतात आणि वर नळ मागतात." आमच्या तोंडाला पानं पुसली गेली, आणि ती पानं आमच्याच बांधावरची होती.

वहिनीला त्याच आठवड्यात कळा सुटल्या, दिवस भरायच्या आधी. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगी होती. केस होते तिला, काळेभोर, ओले. वहिनीने तिला मांडीवर घेतलं आणि कितीतरी वेळ तिच्या पायाची बोटं दाबत बसली. कोणी काढून घ्यायला गेलं की म्हणायची, "थांबा, गार पडलेत पाय."

इतक्या लहान लेकराला आम्ही जाळत नाही, पुरतो. अंगणात विहिरीपलीकडच्या कोपऱ्यात जमीन मऊ होती, वहिनी तिथे पाणी घालायची म्हणून. दादुसने तिथलं गवत बाजूला करून खड्डा खणला. मी तिला माझ्या लग्नाच्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलं. माती लोटली, वर दगड ठेवला. महिन्याभरात गवत चहूबाजूंनी सरकत आलं आणि दगड बुडाला.

वहिनी दुपारी तिथे जाऊन बसायची. गवत उपटायची. दुसऱ्या आठवड्यात ते परत यायचं. दादूस तिच्याकडे बघायचा आणि कामावर निघून जायचा. दोघांत बोलणं राहिलं नव्हतं. मी घरात असले की मीच दोघांशी बोलायचे, नसले की घर मुकं.

नवीन वर्षाचं कॅलेंडर निघालं. पहिल्या पानावर आमचं गेट, आमचं गवत. मोठे साहेब इतके खूश झाले की त्यांनी राजस्थानच्या कारखान्यासाठीही तेच गवत मागवलं. तिथली बोअरही खारी, आणि तिथेही गावकऱ्यांची कटकट सुरू झाली होती म्हणे. देवस्थळींनी दादुसला रिकामी पोती दिली. "गेटाचं लॉन खराब करू नकोस. तुझ्या अंगणात आहे ना पुष्कळ, तिथलं काढ. ट्रक उद्या जाणार."

दादूस कुदळ आणि पोती घेऊन घरी आला तेव्हा मी सुट्टीमुळे घरीच होते. वहिनी कोपऱ्यात बसलेली. त्याने एका बाजूने कुदळ मारायला सुरुवात केली. बऱ्यापैकी लांबून. पोत्यात गड्डे टाकत तो हळूहळू तिच्या जवळ आला आणि थांबला.

"कुठं चाललाय हा?" वहिनीने विचारलं.

"राजस्थानला."

"तिथं बी लोकांची पोरं मरतान काय?"

वहिनीने दगडाजवळ हात घातला, गवताचा झुपका मुळासकट उपटला आणि त्याच्याखालची माती मुठीत घेतली. उठली. त्याचा हात धरून तळव्यावर ती माती ठेवली.

"चाखा," म्हणाली. "तुमाना कलता ना. चाखून सांगा मना. ही खाडीची हाय की कंपनीची?"

दादूस तळहाताकडे बघत उभा राहिला. जन्मभर ज्याने न विचारता माती तोंडात घातली, त्याचा हात वर जाईना. ओठ हलत होते. मी "दादूस" म्हणून हाक मारली, त्याने ऐकलं नाही. मग तो खाली बसला, ती माती होती तिथे परत ठेवली, दोन्ही हातांनी थापटली, आणि कुदळ उचलून बाहेर गेला. पोती तिथेच राहिली.

तो सरळ गेटावर गेला. दिवसाढवळ्या, पाळी बदलायच्या वेळी, माणसं रिक्षांतून उतरत असताना त्याने लॉन खणायला घेतलं. मधोमध. गड्डे उपटून रस्त्यावर फेकत होता. वॉचमन धावला, देवस्थळी धावत आले, ओरडले. तो थांबला नाही. शेवटी चौघांनी धरलं तेव्हा अर्ध्याहून जास्त जमीन उघडी झाली होती, आणि खालची माती पांढरी, वर पिवळी साय आलेली. भीमराव तिथे उभा होता. तो पुढे झाला, दादुसच्या हातातली कुदळ घेतली आणि त्याला धरून घरी आणून सोडलं.

नोकरी त्याच दिवशी गेली. भीमरावाने ती उघडी माती कोणाकोणाला आणून दाखवायची खटपट केली. पुन्हा अर्ज केले, लोकांना भेटला. दुसरी समिती यायला पावसाळा उलटला.

तोवर काही दाखवायला उरलंच नव्हतं. मातीत मुळांचे तुकडे राहिले होते, पाऊस पडला, आणि गवत आपलं आपण पुन्हा आलं. पाणी कोणी घातलं नाही, लावायला कोणी गेलं नाही. आधीपेक्षा दाट आलं, अगदी रस्त्याच्या कडेपर्यंत. कंपनीने त्यानंतर माळी ठेवलाच नाही.